मैत्री, अपंगत्व आणि मुलांची चित्रपुस्तकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मुलांसोबत पुस्तकं वाचणाऱ्या आम्हा काही जणांना पालक, शिक्षिका, बालवाडीताई आणि आजी-आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांवर थोडं थांबावंच लागतं.

चित्रपुस्तक म्हणजे चित्रं असलेलं गोष्टीचं पुस्तकच ना?

थोडा फरक आहे. गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं झाकली तरी गोष्ट कळते. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रातच असते. मजकूर म्हणतो, 'सगळे खेळायला गेले', आणि चित्रात एका कोपऱ्यात कठड्याला टेकून बसलेली मुलगी दिसते. ती का बसली आहे हे शब्द सांगत नाहीत. मूल तिथे बोट ठेवतं आणि विचारतं. अपंगत्व आणि मैत्री या विषयाला चित्रपुस्तक एवढं मानवतं ते यामुळेच: मोठ्यांनी विषय काढावा लागत नाही, मूलच काढतं.

अशी पुस्तकं बहुधा 16, 24 किंवा 32 पानांची असतात. छपाईचा मोठा कागद घडी घालून 8 किंवा 16 पानांचा फर्मा होतो, म्हणून हे आकडे. एवढ्या कमी जागेत उपदेशाला वाव नसतो. तरी काही लेखक शेवटच्या पानावर तो घुसवतातच. ते पान वाचलं नाही तरी चालतं.

आमच्या मुलाच्या वर्गात अपंग मूलच नाही. मग हा विषय कशाला?

बहुतेक वेळा असतं, आपल्या लक्षात येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत. आधीच्या 1995 च्या कायद्यात ते 7 होते. नव्या यादीत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही आहेत. फळ्यावरची अक्षरं उलटसुलट दिसतात म्हणून 'ढ' ठरलेला मुलगा, एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेली मुलगी, ही मुलं कुठल्या वर्गात नसतात?

आणि वर्गात खरोखरच कुणी नसेल, तर काळजी जास्त करायला हवी. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मग आपल्या गल्लीतलं ते मूल कुठे आहे? बऱ्याचदा घरातच असतं. शाळा दुसऱ्या मजल्यावर असते, स्वच्छतागृहाला पायऱ्या असतात, किंवा 'मुलं चिडवतील' म्हणून आईच पाठवत नाही. यातल्या शेवटच्या कारणावर पुस्तकं थोडंफार काम करू शकतात.

चांगलं पुस्तक ओळखायचं कसं?

आमचं सगळं म्हणणं याच उत्तरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गल्लीत लगोरी किंवा लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. तो सगळ्यांसोबत पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. खेळात असून तो खेळात नसतो. बऱ्याच पुस्तकांतलं अपंग पात्र असंच कच्चा लिंबू असतं. सगळे त्याच्याशी गोड बोलतात, त्याला सोबत नेतात, त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. पण त्याच्याशी कुणी भांडत नाही, त्याचं कधी चुकत नाही आणि त्याचं मत कुणी विचारत नाही.

म्हणून पुस्तक हातात आलं की आधी भांडण शोधा. व्हीलचेअरवरच्या मुलीने कधी चिंच चोरली का? तिने गुपित फोडलं का? मैत्रीण तिच्यावर रुसली का? 'का बे, तुझी पाळी कवाच झाली की!' असं तिला कुणी सुनावतं का? सुनावत असेल तर लेखकाने तिला राज्य घ्यायला लावलं आहे, आणि मैत्री तिथूनच सुरू होते.

मग पाहा, निर्णय कोण घेतं. मित्र ठरवतात आणि तो मुलगा नेला जातो, की कधी तोही म्हणतो, 'आज तलावाकडे जाऊ'? त्याच्या मनात काय चाललं आहे हे आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं की सगळी गोष्ट धडधाकट मित्राच्या चांगुलपणाची आहे? अशा गोष्टी खूप आहेत. त्यांत अपंग मूल केवळ दुसऱ्याचं मन किती मोठं आहे हे दाखवण्यासाठी आलेलं असतं.

शेवट नीट तपासा. दोन शेवट आम्हाला नेहमी खटकतात. एकात मूल बरं होतं: चालू लागतं, बोलू लागतं, आणि मग सगळे आनंदी होतात. हे ऐकणाऱ्या आणि कधीही चालू न शकणाऱ्या मुलीने काय समजायचं? दुसऱ्या प्रकारात मूल काहीतरी अचाट करतं. पुरातून कुणाला वाचवतं, चोर पकडून देतं, स्पर्धेत पहिलं येतं आणि मगच गल्ली त्याला आपलं म्हणते. बाकीच्या मुलांना मित्र मिळवायला चोर पकडावा लागत नाही, मग यालाच का?

आता चित्रं. अपंग मूल दर पानावर कडेला आहे का? त्याच्या चेहऱ्यावर सदा तेच मंद हसू आहे का? व्हीलचेअर कशी काढली आहे? दवाखान्यातली, मागून दुसऱ्याने ढकलायची, की मूल स्वतः चाकाची कडी फिरवतं अशी? पायाला आधार देणारा कॅलिपर गुडघ्याच्या वर जातो की खाली? श्रवणयंत्राची तार कानाच्या साच्यापर्यंत जाते का? चित्रकाराने ते साधन जवळून पाहिलेलं असलं की पानावर लगेच कळतं. ते साधन रोज वापरणाऱ्या मुलांना तर सगळ्यांत आधी कळतं.

या सगळ्या कसोट्यांना उतरणारी पुस्तकं थोडी सापडतील. एखादी कसोटी हुकलेलं पुस्तकही वाचावं आणि जिथे खटकलं तिथे मुलांशी बोलावं. कच्चा लिंबूवालं पुस्तक मात्र आम्ही कपाटातच ठेवतो.

पण मदत करायला शिकवणं चूक आहे का?

नाही. मदत कशी करायची हे पुस्तकाने दाखवलं तर फारच छान. गर्दीच्या चौकात अंध माणसाचा हात धरून आपण त्याला ओढत नेतो. खरी पद्धत उलट आहे: आधी 'येऊ का सोबत?' विचारायचं, 'हो' म्हणाले तर आपलं कोपर पुढे करायचं, ते कोपराच्या वर धरतात आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालतो. व्हीलचेअर न विचारता ढकलायची नाही, तिला टेकून उभं राहायचं नाही. तोतरं बोलणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. एवढं दाखवणारं एक पान मदतीवरच्या दहा ओळींपेक्षा उपयोगी पडतं. त्याच पुस्तकात दुसऱ्या कुठल्या पानावर मदत उलट्या दिशेनेही जायला हवी. अंध मित्राने गणित समजावलं, किंवा अंधारात घाबरलेल्या मित्राला धीर दिला. या दोन मुलांत एकच जण कायम देणारा असेल तर त्यांना मित्र म्हणणं अवघड आहे.

रामायण-महाभारतातल्या गोष्टींचं काय? त्या तर आम्ही सांगतोच.

सांगाव्यात, फक्त थोडं सावध राहून. मंथरेचं कुबड आणि तिचं कपट या दोन गोष्टी सांगणारा एकाच वाक्यात उरकतो, आणि वाकड्या पाठीचा माणूस मनानेही वाकडा असं मुलाच्या डोक्यात बसतं. मंथरा सांगताना पाठीचा उल्लेख गाळला तर गोष्टीचं काही बिघडत नाही. मथुरेच्या कुब्जेला श्रीकृष्ण सरळ करतो. अष्टावक्राची गोष्ट मुलांना फार आवडते: आठ ठिकाणी वाकलेलं शरीर, जनकाचा दरबार, वादात हरवलेला बंदी नावाचा पंडित. पण महाभारताच्या वनपर्वात तोही शेवटी समंगा नदीत स्नान करून सरळ होतो. इथे मुलांना विचारून पाहा, 'तो तसाच राहिला असता तर?' आमच्याकडे या प्रश्नावर नेहमी वाद होतो, आणि अंगाने सरळ न झालेला अष्टावक्रच जास्त मुलांना हवा असतो, कारण वाद त्याने सरळ व्हायच्या आधीच जिंकलेला असतो.

कोणत्या वयाला काय वाचावं?

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना ज्यात अपंगत्वाचा उल्लेखही नाही, फक्त चित्रात एक मूल चष्मा-श्रवणयंत्र-वॉकर लावून बाकीच्यांसोबत धिंगाणा घालतं आहे, अशी पुस्तकं द्या. सहा ते आठला भांडण, रुसवा, चिडवणं असलेल्या गोष्टी. नऊच्या पुढे अन्यायाबद्दल बोलता येतं: शाळेने प्रवेश नाकारणं, सहलीला न नेणं. मोठ्या मुलांना चित्रपुस्तक 'बाळबोध' वाटेल ही भीती मनातून काढून टाका. सातवीच्या मुली तेच पुस्तक पाहून जे बोलतात ते पहिलीतली मुलं बोलू शकत नाहीत.

वाचताना मूल विचारतं, 'त्याला असं का झालं?' काय सांगू?

खरं सांगा, थोडक्यात सांगा. 'जन्मापासूनच त्याच्या पायांत ताकद कमी आहे.' 'जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला.' 'कधीकधी कारण डॉक्टरांनाही सापडत नाही.' मुलाला तेवढं पुरतं. पुढचा प्रश्न बहुधा असतो, 'मला पण होईल का?' तो भीतीतून आलेला असतो. रागावू नका, अपंगत्व शेजारी बसल्याने, हात धरल्याने, डबा वाटून खाल्ल्याने येत नाही हे स्पष्ट सांगा.

आपल्याकडे याच वेळी घरातलं कुणीतरी मध्ये बोलतं: ग्रहणात आईने काहीतरी चिरलं, गेल्या जन्मीचं पाप, कुणाची तरी नजर. यातलं काहीही खरं नाही, आणि मुलांसमोर गप्प बसून ते खपवून घेऊ नये. दुभंगलेल्या ओठाचं मूल आणि ग्रहण यांचा काही संबंध नाही. अशा मुलाच्या आईला आयुष्यभर दोष दिला जातो, म्हणून हे ठामपणे सांगायला हवं.

जुन्या पिढीतल्या, पोलिओमुळे कॅलिपर किंवा कुबडी वापरणाऱ्या काका-मावशींबद्दल मुलं विचारतात. पोलिओ विषाणूमुळे व्हायचा. तोंडातून दिलेल्या डोसांनी तो थांबला. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्त जाहीर केलं गेलं. हे कळलं की मुलं त्या काकांकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि पुष्कळदा थेट त्यांनाच गोष्ट विचारायला जातात.

'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग'?

सरकारी कागदावर आणि कायद्याच्या मराठी नावात 'दिव्यांग' आहे. अपंग चळवळीतले कित्येक जण स्वतःला 'अपंग'च म्हणवतात. ज्याच्याबद्दल बोलतो त्याला विचारावं. मुलांमध्ये तर नाव पुरे: 'ती चष्म्याची', 'तो खुर्चीवाला' अशी हाक कुणी मारली तर तिथल्या तिथे थांबवा. 'वेडा', 'मंद', 'आंधळा आहेस का?' हे शब्द शिवी म्हणून वापरले जातात, तेही घरापासून थांबवा.

आजी म्हणतात, 'बिचारा!' त्यांना कसं समजवायचं?

आजींनाच पुस्तक वाचायला द्या. नातवंडाला मांडीवर घेऊन वाचताना त्या पात्राने केलेली खोडी त्यांच्या तोंडून वाचली गेली की 'बिचारा' आपोआप कमी होतो, 'द्वाड आहे' सुरू होतं.

गटात एक अपंग मूल आहे. त्याच्यासमोर असं पुस्तक वाचलं तर सगळे त्याच्याकडेच बघतात.

बघतात, आणि त्या मुलाला ते लागतं. म्हणून पहिलंच पुस्तक त्याच्याच अपंगत्वावरचं निवडू नका. आधी त्याची बाकीच्यांशी ओळख एखाद्या हसवणाऱ्या, वेगळ्याच विषयाच्या पुस्तकातून होऊ द्या. पुढे असं पुस्तक घ्यायचं ठरलं तर त्याला आणि त्याच्या आईवडिलांना आधी एकट्याने दाखवा आणि विचारा. 'नको' म्हणालं तर नको. कारण विचारायची गरज नाही.

वाचताना 'आपल्या अमक्यासारखं ना!' असं कधीही म्हणू नका. ते मूल नमुना म्हणून तिथे आलेलं नाही. स्वतः काही सांगावंसं वाटलं तर ते सांगेल, आणि काही मुलं फार सुरेख सांगतात: श्रवणयंत्राची बॅटरी संपली की वर्ग कसा दिसतो, कुबडीने कैरी कशी पाडता येते. एखादं मूल मात्र अख्खं वर्ष त्या विषयावर अवाक्षर काढत नाही आणि दर आठवड्याला डायनासोरचंच पुस्तक मागतं. त्याला डायनासोरचं पुस्तक द्या.

अंध मुलाला चित्रपुस्तक कसं वाचून दाखवायचं?

आधी चित्र शब्दांत मांडा, पण सगळं नको. 'चित्रात झाड आहे, घर आहे, ढग आहेत' अशी यादी कंटाळवाणी होते. गोष्टीला जे लागतं ते सांगा: 'मांजर कपाटावर आहे, शेपटी खाली लोंबते आहे, आणि आईला अजून दिसलेली नाही.' डोळस मुलं हसली की ती का हसली हे लगेच सांगा, नाहीतर अंध मूल त्या हसण्याच्या बाहेर राहतं.

दुसरं म्हणजे स्पर्शाचं पुस्तक. ते करायला सोलापूरसारखं गाव नाही. चादरीचे तुकडे, टॉवेलच्या कडा, सुताचे रीळ, शिंप्याकडच्या चिंध्या इथे गल्लीगल्लीत मिळतात. जाड पुठ्ठ्यावर एका पानाला एकच वस्तू चिकटवा. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. डोळ्यांसाठी काढलेल्या चित्राची रेघ उंच केली म्हणजे स्पर्शचित्र होत नाही. दूरचं घर लहान आणि जवळचं मोठं हे डोळ्यांचं गणित आहे. बोटांना ते कळत नाही. चार पायांची गाय बाजूने काढली तर दोनच पाय लागतात आणि मूल गोंधळतं. म्हणून बोटांना गायीचं खडबडीत शिंग, मऊ कान, शेपटीचा गोंडा द्या. पावसासाठी वरून खाली ओघळणारे दोरे लावा. दोन मित्र दाखवायचे असतील तर दोन वेगळ्या कापडांचे तुकडे घ्या आणि पुस्तकभर तेच ठेवा: टॉवेलचा तुकडा म्हणजे एक, चादरीचा तुकडा म्हणजे दुसरा. ते भांडले की तुकडे पानाच्या दोन टोकांना, गट्टी झाली की शेजारी. डोळस मुलंही अशा पुस्तकावर तुटून पडतात.

तिसरं, ब्रेल. लुई ब्रेल (जन्म 4 जानेवारी 1809) लहानपणी वडिलांच्या कारखान्यातल्या हत्याराने डोळा दुखावून अंध झाला आणि 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी बसवली. मुलांना हे आवर्जून सांगा: ही लिपी एका शाळकरी पोराने स्वतःला हवी म्हणून केली आहे. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल आली. तिच्यात ध्वनीनुसार टिंबं ठरलेली आहेत, त्यामुळे मराठी, कन्नड आणि तेलुगू 'क' एकाच खुणेने लिहिला जातो: टिंब 1 आणि 3, म्हणजे डाव्या रांगेतलं सगळ्यांत वरचं आणि सगळ्यांत खालचं. सोलापूरच्या वर्गात ही गोष्ट फळ्यावर काढून दाखवली की मुलं थक्क होतात. डोळ्यांना तीन वेगळी अक्षरं, बोटाला एकच.

छापील पुस्तकातच ब्रेल हवं असेल तर पारदर्शक चिकटपट्टीवर ब्रेल पाटीने मजकूर उठवून तो ओळीखाली लावता येतो. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं, कारण वाचायचं उलट बाजूने असतं. अंध शाळेतले शिक्षक किंवा मोठी मुलं हे झरझर करतात. त्यांच्याकडून शिका. मग अंध आई डोळस मुलाला, किंवा डोळस बहीण अंध भावाला, एकाच पुस्तकातून वाचून दाखवू शकते.

आणि कर्णबधिर मुलांना?

पुस्तक तोंडासमोर धरू नका. ओठ दिसले पाहिजेत. खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. मूल एकाच वेळी चित्र आणि तुमचे हात पाहू शकत नाही, म्हणून चित्र दाखवा, थांबा, मग खुणा करा. वाचन सावकाश होतं, होऊ द्या.

भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीचं हातांनी केलेलं भाषांतर नव्हे. तिला तिचं व्याकरण आहे. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना 2015 ची. त्यांच्या शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द झाले आणि त्याच्या चित्रफिती इंटरनेटवर फुकट पाहता येतात. प्रत्येक पुस्तकातल्या पाच-सात खुणा सगळ्या गटाला आधी शिकवा. मुलांना ही गुपित भाषा फार आवडते, आणि परीक्षेच्या वर्गात ती कशाला वापरतात हे शिक्षकांना लवकरच कळतं.

आमचा मुलगा स्वमग्न आहे. तो एका जागी बसतच नाही.

बसायला हवंच असं नाही. खोलीत फिरत, पाठ करून, हातात दोरा गुंडाळत तो ऐकत असतो. मध्येच पुढची ओळ तोच म्हणतो तेव्हा आपल्याला कळतं. डोळ्यांत बघायची सक्ती करू नका. आज कोणतं पुस्तक, किती वेळ, नंतर काय, हे आधी सांगा. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागेल, द्या. आवाज फार झाला तर जाऊन बसायला एक शांत कोपरा ठेवा, आणि तो कोपरा शिक्षा म्हणून कधी वापरू नका.

सोलापुरात अशी पुस्तकं मिळतात कुठे?

नवी पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा. नसतील तर मागवून देतात, फक्त प्रकाशकाचं नाव घेऊन जा. मराठी चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तुलिका ही नावं लक्षात ठेवा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ग्रंथालयात सभासद होऊन मुलांच्या पुस्तकांची मागणी लेखी नोंदवा. चार पालकांनी एकच मागणी नोंदवली तर तिला वजन येतं.

खर्च परवडत नसेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात, कारण ती खुल्या परवान्यावर आहेत. मोबाइल मात्र दहा मुलांमध्ये पुरत नाही. रंगीत छापून, पुठ्ठा लावून, दोऱ्याने शिवून घ्या.

घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी. कोणत्या भाषेत वाचू?

ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता त्या भाषेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत आजी तेलुगू, आई दोन्ही, आणि पोरं तिन्ही-चारही भाषा बोलतात. कन्नड आणि उर्दू घरांतही तसंच. स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट बऱ्याचदा या चारही भाषांत सापडते. बोलायला उशीर असलेल्या किंवा स्वमग्न मुलाच्या पालकांना 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला मिळतो, आणि मग आजी नातवाशी बोलायचीच थांबते. दोन भाषा ऐकल्याने असं मूल मागे पडत नाही. आजीला वाचू द्या.

पुस्तकाची झेरॉक्स काढली तर चालेल?

खुल्या परवान्याच्या पुस्तकांची खुशाल काढा. बाकी पुस्तकांची अख्खी झेरॉक्स काढणं योग्य नाही, लेखक-चित्रकार त्यावर जगतात. पण 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात एक महत्त्वाची सूट आहे: अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं ब्रेल, मोठा टाइप, ध्वनिमुद्रण असं रूप नफा न घेता करता येतं. म्हणजे अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करताना कुणाला घाबरायचं कारण नाही.

शाळेत 3 डिसेंबरला कार्यक्रम करतो. त्यात पुस्तक कसं घ्यावं?

जागतिक अपंग दिन 1992 पासून पाळला जातो, जरूर पाळावा. पण डोळ्यांवर पट्टी बांधून 'अंध होऊन पाहा' असा खेळ घेऊ नका. पाच मिनिटांत मुलांना फक्त धडपडणं कळतं आणि अंध माणूस म्हणजे सतत घाबरलेला माणूस असं वाटू लागतं. त्याऐवजी एक पुस्तक निवडा, पण डिसेंबरसाठी राखून ठेवू नका. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा, इतर पुस्तकांच्या गठ्ठ्यातूनच काढा. वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलात?' विचारलं की मुलं तुम्हाला हवं तेच उत्तर देतात. 'यातलं कोण तुम्हाला आवडलं नाही?' विचारा. चर्चा तिथून रंगते.

आम्हाला सोलापूरचंच एखादं पुस्तक करायचं आहे. काही सुचवाल?

फार हवं आहे असं पुस्तक. गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची, जत्रा घ्या. व्हीलचेअरच्या उंचीवरून नंदीध्वजांची, म्हणजे त्या सात उंच काठ्यांची, मिरवणूक कशी दिसते? चहूबाजूंनी भक्तांचे पांढरे अंगरखे, बाराबंद्या, आणि वर आकाशात हलणारी सात टोकं. मित्रांना जे दिसत नाही ते त्या उंचीवरून दिसतं: कुणाची हरवलेली चप्पल, गर्दीत अडकलेलं कुत्र्याचं पिल्लू. मग पाळण्यात बसण्यावरून मित्रांत भांडण होऊ द्या.

किंवा यंत्रमागाचा कारखाना. त्या खटखटाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. कामगार हातवारे आणि ओठांवरून बोलतात. वडिलांचा डबा घेऊन दोन मैत्रिणी तिथे जातात. एक कर्णबधिर आहे, आणि तिथे गोंधळते ती दुसरीच. ही गोष्ट सोलापुरातच घडू शकते.

लिहिण्याआधी ते अपंगत्व असलेल्या दोन-तीन माणसांना भेटा, मसुदा त्यांना वाचून दाखवा आणि ते जिथे 'असं नसतं' म्हणतील तिथे बदला. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. अपंग लेखक किंवा चित्रकार सापडला तर पुस्तक त्यालाच करू द्या आणि आपण छपाईची धावपळ करा.

पुस्तक वाचून खरंच मैत्री होते का?

नुसत्या पुस्तकाने नाही. मुलं रोज एकत्र असली, एकमेकांचा वीट येण्याइतकी एकत्र असली, तरच होते. पुस्तक काय करतं, तर पहिल्या दिवशीचं टक लावून बघणं कमी करतं आणि विचारायला शब्द देतं. पुढचं काम खेळाचं. मोठ्यांनी नियम बदलून देऊ नयेत. मुलांना विचारावं, 'हिच्यासकट लगोरी कशी खेळायची?' मुलं पाच मिनिटांत तोडगा काढतात: चेंडू मारणारा बसूनच मारेल, किंवा तिच्या वाटचं दुसरं कुणीतरी पळेल पण नेम तिचाच. असे नियम करताना ती स्वतः तिथे असली पाहिजे आणि तिला 'हे नको' म्हणता आलं पाहिजे. आणि हो, ती बाद झाली की बादच.

वाचनाची जागा कशी असावी?

तळमजल्यावर. हे जमत नसेल तर बाकीचं नंतर बघू. पुस्तकं भिंतीला लावलेल्या दोऱ्यावर किंवा खालच्या फळीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवा, म्हणजे बसून किंवा रांगत येणाऱ्या मुलालाही स्वतः निवडता येतात. सतरंजीच्या कडा चिकटवून टाका, कुबडी अडकते. चप्पल दारातच विखुरलेल्या असल्या तर अंध मूल अडखळतं, त्यांना बाजूला एक ठरलेली जागा द्या. उन्हाळ्यात वाचन सकाळीच उरका. दुपारच्या उन्हात व्हीलचेअरची लोखंडी कडी हाताला चटका देते.

दाराला पायरी असेल तर उतार करून घ्या. उंचीच्या बारापट लांबी हे प्रमाण आहे: पायरी 15 सेंटिमीटर असेल तर उतार किमान 180 सेंटिमीटर. जुन्या घरांचे ओटे उंच असतात, तिथे तो अंगणात वळवून घ्यावा लागतो. सुताराला किंवा गवंड्याला हे माप लिहून द्या. जागा वाचवायला ते उतार आखूड करतात, आणि आखूड उतारावर व्हीलचेअर मागे कलते. वरच्या टोकाला दार उघडून वळण्यापुरती सपाट जागा ठेवा, आणि उद्घाटनाआधी व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या मुलाला तो एकट्याने चढून पाहायला सांगा.